पितळी मोदकपात्र, एक, जुने

"पितळी मोदकपात्र, एक, जुने." एवढं लिहिलं आणि माझा हात थांबला. किमतीचा रकाना रिकामा राहिला.

शनिवारची दुपार होती. लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, मांडीवर ऑफिसचं पॅड घेऊन मी फरशीवर बसले होते. समोर माझ्या थोरल्या जावेची, म्हणजे वहिनींची, सगळी भांडी ओळीने मांडलेली. त्या एकेक भांडं पुढे सरकवत होत्या, मी लिहीत होते. थोरले दीर, आमचे भाऊजी, खाटेवर बसून बाहेरच्या गॅलरीकडे बघत होते. आपल्याच घरातली ताटं-वाट्या कुणी मोजत असताना कर्त्या पुरुषाने कुठे बघावं, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

ही यादी भाऊजींच्या नादारीच्या अर्जासाठी होती.

मी तेव्हा गिरगावात एका वकिलांकडे मॅनेजिंग क्लार्क होते. वकील कोर्टात जे बोलतात त्याच्या मागचे कागद जमवणारं माणूस म्हणजे मॅनेजिंग क्लार्क. तारखा, स्टॅम्प, नकला, अ‍ॅफिडेव्हिट. साहेब बोलायचे, मी याद्या करायचे. घरीही मी याद्याच करते. वाण्याची, दुधाची, लग्नात कुणी काय दिलं त्याची, आणि सासरी कुणाला काय मिळालं त्याची. ही शेवटची यादी फार जणी लिहून ठेवत नाहीत. मी ठेवली आहे.

लोकांना वाटतं, नादार होणं म्हणजे हात वर करून मोकळं होणं. तसं नसतं. माणूस कोर्टाला सांगतो की माझं देणं माझ्या आवाक्याबाहेर गेलं. मग तो शपथेवर तीन याद्या देतो. मी कुणाचं देणं लागतो, कोण माझं देणं लागतं, आणि माझ्याकडे काय काय आहे. हुकूम झाला की त्याची मालमत्ता कोर्टाच्या एका अधिकाऱ्याकडे जाते. त्याला ऑफिशियल असाईनी म्हणतात. तो ती विकतो, येणं वसूल करतो, आणि ज्यांचं देणं आहे त्यांना वाटून देतो. त्या बदल्यात कुणीही एकटा उठून दारात जप्ती आणू शकत नाही. पुढे वागणूक नीट राहिली तर काही वर्षांनी कोर्ट माणसाला मोकळं करतं. त्याला डिस्चार्ज म्हणतात, दवाखान्यासारखंच.

मात्र यादीत एक गोष्ट जरी लपवली, तरी डिस्चार्ज विसरायचा. साहेब प्रत्येक पक्षकाराला पहिल्याच दिवशी सांगत, "माझ्याशी खोटं बोललात तर मी फी वाढवीन. यादीत खोटं लिहिलंत तर कोर्ट जन्मभर लक्षात ठेवील."

भाऊजी बुडाले ते स्वतःच्या कर्जाने नव्हे, सहीने. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. कामगारांच्या सोसायटीकडून कर्ज काढायचं तर खात्यातला जामीनदार लागायचा. खात्यात निम्मे लोक आमच्या गावाकडचे. गाववाल्याने फॉर्म पुढे केला आणि आपण सही केली नाही, तर ते त्याच्या आईला शिवी दिल्यासारखं. भाऊजी तर त्यासाठी खिशात वेगळं पेन ठेवायचे. मग संप झाला. गिरणीचा भोंगा बंद झाला तो झालाच. कर्ज काढणारे कुणी गावी गेले, कुणी वारले, कुणी खोली विकून पत्ता न देता निघून गेले. सोसायटी जामीनदाराच्या दारात आली. पाच वर्षं भाऊजींनी इकडून तिकडून उचलून हप्ते भरले, त्यात सावकाराचं नवं कर्ज झालं. आता येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारच्या जप्तीची नोटीस दाराला लागली होती. त्याआधी हुकूम झाला नाही, तर ही ओळीने मांडलेली भांडी चाळीच्या गॅलरीत येणार होती, सगळ्या मजल्यांच्या देखत.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. जे उलटतपासणीत निघणारच आहे ते आपणच आधी सांगावं, ही ऑफिसात लागलेली सवय. मला वहिनींचा हेवा वाटायचा. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून.

माझे मिस्टर, वसंत, बाराव्या वर्षी गावाहून या खोलीत आले. वहिनींच्या हातचं खाऊन मोठे झाले आणि पुढे भाऊजींच्याच खात्यात लागले. मी केलेल्या सोलकढीत ते वहिनीची सोलकढी शोधायचे आणि न सापडल्यासारखं वाटी खाली ठेवायचे. सासूबाईंनी जाण्याआधी मोदकपात्र थोरलीला दिलं. मी शेजारीच उभी होते. मला म्हणाल्या, "तू नोकरी करतेस. तुला उकडायला वेळ कुठे?" ते वाक्य माझ्या वहीत तारखेसह आहे.

शिवाय माझ्याकडे एक अभिमानाची गोष्ट होती. संपाच्या काळात आमच्या घोडपदेवच्या खोलीत एका रुपयाचं कर्ज आलं नव्हतं. माझा पगार, मिस्टरांना एका गोदामात मिळालेलं बदलीचं काम, आणि माझी वही. एवढ्यावर मी घर चालवलं. वहिनींकडे त्याच काळात येईल त्याला चहा, बसेल त्याला जेवण. त्यामुळे त्या शनिवारी पॅड घेऊन बसले तेव्हा मला वाईट वाटत होतं, हे खरं. पण बरंही वाटत होतं. हेव्याला असा दिवस क्वचित मिळतो.

तर मोदकपात्र.

कायद्यात नादार माणसाला एक सूट आहे. कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, धंद्याची हत्यारं ही त्याच्याकडेच राहतात. पण सगळं मिळून तीनशे रुपयांपर्यंत. इंग्रजांच्या काळातला आकडा. तेव्हा तीनशेत संसार यायचा. भाव पुढे गेले, कायदा तिथेच बसून राहिला. म्हणून आम्ही जुन्या वस्तूला मोडीचा भाव लावायचो, म्हणजे आज विकायला काढली तर जेवढे येतील तेवढेच. रेडिओ आणि लोखंडी कपाट सुटीत बसत नव्हतं, ते जाणारच होतं. बाकीच्याची बेरीज वहिनींच्या मसाला कुटायच्या खलासकट दोनशे चाळीस झाली होती.

वहिनी माझ्या थांबलेल्या हाताकडे बघत होत्या. त्या घरात गावाकडचंच बोलायच्या.

"मालती, ह्यां लिवतंस कित्याक? तू घेवन जा."

"काय?"

"मोदकपात्र. तुझ्याकडे ऱ्हवांदे. तुका पयल्यापासून आवडता, माका काय दिसत नाय?"

वीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं भर यादीत, फडक्याने पात्राचं झाकण पुसत, सहज आलं. आणि मला नाही म्हणावं लागलं.

"नाही नेता येत," मी म्हटलं. "अर्जाच्या तोंडावर नातेवाइकाला दिलेली वस्तू कोर्ट परत मागतं. लपवली असं धरतात."

"एक भांडा गे."

"एक असो की शंभर."

"मग माझ्या जावेक मी काय देवचाच नाय?" त्या भाऊजींकडे वळल्या. "ऐकलात? कोर्ट आता आमच्या जावाजावांत पण आला."

भाऊजी गॅलरीकडे बघतच म्हणाले, "ती म्हणते तसं कर. तिला कळतं."

मी रकान्यात आकडा लिहिला. एकशे दहा.

सोमवारी साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून यादी वाचली.

"बाई, हे मोदकपात्र चांदीचं आहे का?"

"पितळेचं."

"मग एकशे दहा?"

"बाजारात तेवढ्यालाच येतं."

"नवं येतं. आपण कुठला भाव लावतो?"

उत्तर मला पाठ होतं. नव्या क्लार्कना ते मीच शिकवायचे.

"बेरीज साडेतीनशेवर गेली," साहेब म्हणाले. "म्हणजे हे भांडं जाणार. घरचं काम आहे ना हे?"

"हो."

"मग परक्यासारखं करा. परक्याच्या यादीत तुम्ही ही चूक केली नसती."

त्यांना ती चूक वाटली, हे माझं नशीब. मला लिहितानाच बेरीज माहीत होती. मला मिळणार नाही, तर तिच्याकडेही राहू नये, एवढा साधा हिशेब होता.

संध्याकाळी लालबागला जाऊन मी मोदकपात्र पिशवीत घातलं आणि भांड्यांच्या दुकानात वजन करायला नेलं. ते माझ्या हातात पहिल्यांदा आलं, ते चार दुकानं लांबपर्यंत. दुकानदाराने उलटं करून पाहिलं.

"तळाला डाग दिलाय. कल्हई गेलीये. मोडीत चाळीस. विकताय?"

"नाही."

"मग आणलंत कशाला?"

"चाळीस लिहून द्या. तारीख घाला."

ती चिठ्ठी यादीला जोडली. बेरीज दोनशे ऐंशी. मोदकपात्र वाचलं. मी ते परत नेऊन दिलं तेव्हा वहिनींनी चहा टाकला होता. मी उभ्याउभ्याच प्यायले.

मंगळवारी येण्या-देण्याच्या याद्या घेतल्या. सोसायटीचं पत्र समोर होतं. त्यात एक ओळ होती: एकूण जामीनकी अकरा, पैकी एक कर्ज पूर्ण फेड, दहा थकीत. भाऊजींनी आणून दिलेल्या फॉर्मच्या नकला दहाच होत्या. दुसऱ्या कुणी दहा थकीत, दहा नकला असं म्हणून पान उलटलं असतं. पण माणूस फेडलेलं कर्ज विसरतो, आम्ही विसरत नाही. घेणाऱ्याने फेडलं असेल तर ते संपलं. जामीनदाराने फेडलं असेल तर ते संपत नाही. आधी ते सोसायटीचं येणं असतं, मग जामीनदाराचं होतं. म्हणजे भाऊजींच्या 'कोण माझं देणं लागतं' या यादीत त्या माणसाचं नाव यायला हवं.

भाऊजींना मी त्यांच्या कापडदुकानात फोन केला. हल्ली ते तिथे थान मोजायचं काम करत.

"भाऊजी, अकरावं कर्ज कुणाचं?"

"कुठलं अकरावं?"

"जे फिटलं ते."

"ते मिटलं ना. त्याचं काय आता?"

"मिटवलं कुणी?"

पलीकडे गिऱ्हाइकाचा आवाज, कापड फाडल्याचा आवाज. मग भाऊजी म्हणाले, "गिऱ्हाईक आहे. ठेवतो." भाऊजी कधी फोन आधी ठेवत नसत.

बुधवारी मी साहेबांचं पत्र घेऊन परळला सोसायटीच्या ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाने अर्ध्या तासाने फाईल काढली. अकरावा फॉर्म. कर्ज दोन हजार. तारीख संपाच्या आधीच्या आठवड्यातली. हप्ते जामीनदाराने भरून खातं बंद. कर्ज घेणाऱ्याचं नाव माझ्या मिस्टरांचं. पत्ता घोडपदेवचा, माझ्या खोलीचा.

मी नक्कल मागितली, पावती घेतली, सही केली. काम अर्धवट सोडायची मला सवय नाही.

घरी आले तेव्हा मिस्टर वाल सोलत बसले होते. संप संपल्यात जमा झाल्यावर ते वरळीच्या एका ऑफिसात लिफ्टमन म्हणून लागले होते, चारला सुटायचे.

"अहो, सोसायटीचं कर्ज काढलं होतं तुम्ही?"

हातातल्या वालाचं साल निघायचं राहिलं.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या सहीने."

मी कपाटातून संपाच्या काळातली वही काढली आणि पान उघडून वालाच्या ताटाशेजारी ठेवली. 'मिस्टर, बदली, गोदाम, दीडशे.' खाली पुन्हा तेच. अशा तेरा नोंदी, सगळ्या दीडशेच्या, आणि शेवटची पन्नासची. गोदाम दर महिन्याला नेमकं दीडशेच कसं देतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. दुसऱ्यांच्या कागदांत असले आकडे मी पहिल्या वाचनात पकडते.

"गोदाम होतं का?"

"नव्हतं."

"मग हे पैसे?"

"संप होणार हे खात्यात सगळ्यांना कळलं होतं. म्हणून आधीच काढून ठेवले. माझ्या हातात राहिले असते तर उडाले असते. वहिनीकडे ठेवायला दिले, तिच्या तांदळाच्या डब्यात. ती महिन्याला दीडशे काढून द्यायची."

"आणि तुम्ही सकाळी निघून जायचात कुठे?"

"लालबागला."

"दिवसभर?"

"मोर्चा असला तर मोर्चाला. नाहीतर वहिनीकडे."

"जेवायचात तिथे?"

"जेवायचो."

"मी डबा देत होते. रोज. गोदामाचा."

मिस्टरांनी वालाकडे बघितलं. "तो दादा खायचा. दादाला तुझी भाजी आवडायची."

कर्जाचा मला राग आला नाही, हे मी खरं सांगते. दोन हजार काही फार नव्हते आणि ते घरातच आले होते. माझा संसार कर्जावर चालला हेही मी पचवलं असतं. पण माझ्या वहीतला जमेचा रकाना वहिनींच्या तांदळाच्या डब्यातून भरत होता. माझा नवरा काय करतो ते मला ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक होतं. त्या दर महिन्याला दीडशे मोजून देत होत्या आणि हळदीकुंकवाला मला म्हणत होत्या, "मालती हुशार गे, एक पैशाचा कर्ज नाय केलान."

"मला का नाही सांगितलं?"

"तू लिहून ठेवलं असतंस," मिस्टर म्हणाले.

गुरुवारी सकाळी वहिनी गिरगावात ऑफिसला आल्या. एकट्या, बसने. पक्षकारांच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. बातमी रातोरात घोडपदेवहून लालबागला पोचली होती. पोचवणारा अर्थात मीच वाढलेलं वालाचं बिरडं खाऊन गेला होता.

"त्याचा नाव घालू नको," त्या म्हणाल्या.

"घालावं लागतं."

"ते पैसे आमी भरले. मिटला ता."

"तुम्ही भरले म्हणून तर घालावं लागतं. ते भाऊजींचं येणं आहे. मोदकपात्रासारखीच मालमत्ता."

"आनी मग?"

"मग असाईनीकडून आम्हाला नोटीस येईल. आम्ही पैसे भरायचे."

"तू आमच्यासाठी उन्हातान्हात धावतंस, आनी नोटीस तुझ्याच घरात? लोक काय म्हणतले?" त्यांनी आवाज खाली केला. "मालती, ह्या कोणाक ठावक नाय. तो कागद आमीच बाजूक काढलेलो. तुझो मान ऱ्हवांदे म्हणान. तू एकटी कमवून घर सांभाळलंस, सगळी वाडी तुझा नाव घेता. ता कित्याक मोडूचा?"

माझ्या टेबलावर कोरा फॉर्म होता. त्या चुकीचं बोलत नव्हत्या. दहा नावांची यादी टाइप झाली असती तर कोणीही मान वर करून बघितलं नसतं. सोसायटीला फिटलेल्या कर्जात रस नव्हता. साहेबांना अकरावा फॉर्म माहीत नव्हता. मिस्टर वाचले असते, ऑफिसात माझी मान वर राहिली असती. उलट पुढे कधी ते उघड झालं असतं, तर डिस्चार्ज गेला असता तो भाऊजींचा. म्हणजे माझा मान जपण्यासाठी वहिनी स्वतःच्या नवऱ्याला जन्मभर नादार ठेवायला तयार होत्या. आणि पिशवी सावरत हे अशा सांगत होत्या, जणू जादा पोळी वाढत होत्या.

ते मला सहन झालं नाही. पुन्हा एकदा तिनेच द्यायचं आणि मी घ्यायचं. या वेळी तर पावतीही नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही मला खूप दिलंत. हे नको."

"रागान बोलतंस?"

"हो."

त्यांनी पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. "भरलेली वांगी आसत. राग खाऊन झालो की खा." आणि निघाल्या.

मी अकरावं नाव टाइप केलं. अनुक्रमांक, नाव, पत्ता, रक्कम. कागद साहेबांसमोर ठेवला.

"हे शेवटचं नाव?" साहेब म्हणाले.

"माझे मिस्टर."

"पत्ता?"

"माझाच."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, सोसायटीची नक्कल वाचली. "हे तुम्ही लिहिलं नसतंत तर मला कळलं नसतं."

"नसतं."

"प्रामाणिकपणाची कमाल आहे, बाई." मग लगेच कामावर आले. "आता या फायलीला तुम्ही हात लावायचा नाही. फायनल मी करतो. कारकुनाच्या घरचा माणूस यादीत आहे, हे मी कोर्टाला आपणहून सांगणार."

ती शाबासकी मी तेव्हा घेतली. दुरुस्त करायची राहून गेली होती, ती आज करते. तो प्रामाणिकपणा नव्हता.

शुक्रवारी अर्ज दाखल झाला. भाऊजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. खिशात तेच पेन. अ‍ॅफिडेव्हिटवर कुठे सही करायची ते साहेबांनी बोटाने दाखवलं.

"आजवर दुसऱ्यांसाठी अकरा केल्या," भाऊजी म्हणाले. "ही माझ्यासाठी पहिली."

"पुढची करण्याआधी मला विचारा," साहेब म्हणाले.

जप्तीची तारीख दाखवून साहेबांनी त्याच दिवशी हुकूम मिळवला. सोमवारी वसुलीची माणसं लालबागला आली. भाऊजींनी हुकुमाची नक्कल पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली, वहीत काहीतरी खरडलं आणि निघाले. वहिनींनी त्यांना चहा पिऊन जायला लावलं. हे मला मिस्टरांनी कौतुकाने सांगितलं. मी असते तर दिला नसता, हेही त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

पुढे रेडिओ आणि कपाट गेलं. असाईनीची नोटीस आमच्याकडे आली, मिस्टरांनी सही करून घेतली. चाळीत दोन दिवस चर्चा झाली. मग तिसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी लग्न ठरलं आणि लोक तिकडे वळले. दरमहा शंभरप्रमाणे वीस हप्ते मी स्वतः जाऊन भरले. विसाच्या वीस पावत्या माझ्याकडे आहेत. बाकीच्या दहांपैकी तिघांनीच काही ना काही भरलं. काही वर्षांनी भाऊजींना डिस्चार्ज मिळाला. 'याद्या पूर्ण आणि खऱ्या' असा शेरा अधिकाऱ्याच्या रिपोर्टात होता. साहेबांनी ती ओळ मला वाचून दाखवली.

डिस्चार्ज मिळाला त्या वर्षी गणपतीला आम्ही लालबागला गेलो. वहिनी मोदकपात्रात पाणी घालत होत्या, मी पाऱ्या करत होते. माझ्या पाऱ्या नेहमीप्रमाणे फाटत होत्या.

"मालती, त्या यादीत ह्याची किंमत किती लिवलंस गे?"

"चाळीस."

पाण्याचा तांब्या हवेत थांबला. "चाळीस? सासूबायच्या पात्राचे?"

"मोडीचा भाव होता वहिनी. तसाच लावतात."

"तरी पण चाळीस?" त्या खरोखर दुखावल्या होत्या. नादारी, जप्ती, कपाट, कशानेही इतक्या दुखावल्या नव्हत्या. "माका वाटला, निदान शंभर तरी लिवलं असशील."

एकशे दहाचा पहिला कागद तेव्हाही माझ्याकडे होता, आजही आहे. तो दाखवला असता तर त्या खूश झाल्या असत्या. पण तो आकडा मी का लिहिला होता, हेही मग सांगावं लागलं असतं. मी पुढची पारी घेतली.

मोदकपात्र आता त्यांच्या सुनेकडे आहे. मला ते पुन्हा कुणी देऊ केलं नाही, आणि मागायची कुठली मुदत कायद्यात नाही. नवीन क्लार्क आले की मी त्यांना दोन गोष्टी सांगायचे. जुन्या वस्तूला मोडीचा भाव लावा. आणि काम घरचं असेल तर किमतीचा रकाना दुसऱ्याला भरू द्या.